मानाची पालखी, नोंदणीची यात्रा

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्याविषयी आधी चार शब्द बोलायची रीत आहे. पण ते शिक्षक होते, आणि प्रास्ताविक लांबलं की घड्याळाकडे बघायची त्यांची सवय इथल्या पुष्कळांना माहीत आहे. तेव्हा सरळ विषयाला येतो.

विषय आहे चैत्राचा पहिला आठवडा. आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातली माणसं या आठवड्यात देवाच्या नावाने दोनदा पालखी उचलतात. पाडव्याच्या सकाळी डोंबिवलीच्या गणेश मंदिराची आणि ठाण्याच्या कोपिनेश्वराची पालखी नववर्ष स्वागतयात्रेत निघते. आणि सहा दिवसांनी, चैत्र शुद्ध सप्तमीला, कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईची पालखी निघते. तिथे ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याचा मान असतो. पहिल्या पालखीची बातमी रंगीत फोटोंसह पहिल्या पानावर येते. दुसरीची आली तर वाहतुकीतल्या बदलाची चौकट म्हणून येते. मला या दोन पालख्या एकमेकींशेजारी ठेवून बघायच्या आहेत. देवळाच्या उत्सवात ज्या कला असतात, म्हणजे वाजवणं, गाणं, रेखणं, सोंग काढणं, त्या कोणी करायच्या हे कोण ठरवतं, एवढाच माझा प्रश्न आहे. एका पालखीत ते मानाने ठरतं, दुसरीत नोंदणीने. आणि माझं म्हणणं असं की जुनं आणि नवं, खरं आणि बनावट असे जे वाद आपण या उत्सवांवरून घालतो, त्यांच्यापेक्षा हा फरक जास्त कामाचा आहे.

आधी मानाकडे बघू. कार्ल्याला गेलेल्यांना ठाऊक आहे, पायऱ्या चढून वर गेलं की एकवीरेचं देऊळ आणि बौद्ध लेण्यातलं भव्य चैत्यगृह एकमेकांना खेटून आहेत. चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांचे लेख आहेत आणि त्यांत सोपाऱ्याहून आलेला माणूसही आहे. म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. दोन हजार वर्षांपूर्वीही खाडीकाठची माणसं घाट चढून इथे येत होती आणि खांबावर नाव कोरून जात होती. आज चेंदणीचे, चौल-आग्रावचे, पेणकडचे कोळी तोच घाट चढतात. देव बदलला, वाट तीच राहिली.

चैत्र शुद्ध षष्ठीला पायथ्याशी देवघर गावात देवीच्या भावाचा, काळभैरवनाथाचा उत्सव होतो. सप्तमीला संध्याकाळी वर देवीची पालखी. अष्टमीला पहाटे तेलवण. तेलवण हा लग्नघरचा विधी, नवरानवरीला तेल चढवायचा. इथे तो देवीला होतो. कोळी आणि आगरी घरांतल्या बायकांना यात काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही. घरच्या लग्नात त्या जे करतात तेच आईचं करतात. देवी कुलस्वामिनी आहे याचा अर्थ त्यांच्या लेखी असा व्यवहाराचा आहे. तिचं सगळं घरच्यासारखं करायचं, आणि घरात जसं कोणाचं काम कोणतं हे ठरलेलं असतं तसं इथेही ठरलेलं असतं.

पालखीला खांदा कोणी द्यायचा, निशाण कोणाकडे, पहिली ओटी कोणत्या गावची, हे विचारून ठरवत नाहीत. ते ठरलेलं असतं. बाहेरच्या माणसाला मान म्हणजे मोठेपणा वाटतो. जवळून पाहिलं तर तो मोठेपणाइतकाच बोजाही असतो. मान ज्याच्या घरी आहे त्याने त्या दिवशी हजर राहायचंच. बोट समुद्रात असो, नोकरीवर रजा नसो, घरात आजारपण असो. स्वतःला जमलं नाही तर भावाने जायचं, भाऊ नसेल तर पुतण्याने. येण्याजाण्याचा, नैवेद्याचा, पाहुण्यांचा खर्च घरचा. आणि हे सगळं करून वर्षभर त्याबद्दल कोणी टाळ्या वाजवत नाही. चुकलं तर मात्र पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं.

म्हणून मानाच्या जागी भांडणं होतात. शहरातली सुशिक्षित माणसं ही भांडणं ऐकून नाक मुरडतात की देवाच्या दारातही यांचं सुटत नाही. मला मात्र ही भांडणं दफ्तरासारखी वाटतात. कोणत्या गावाचा कोणता हक्क, तो कधीपासून, मधे कोणी सोडला आणि कोणी घेतला, हे लिहून ठेवलेलं कुठेच नसतं. ते भांडणातच तोंडपाठ राहतं. ज्या मानाबद्दल कोणी भांडत नाही तो मान मेला असं खुशाल समजावं.

आता इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांचं मूळ सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत असेल, तेव्हा त्यांच्या ओळखीचं उदाहरण देतो. तळकोकणात कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होतात आणि पुढे कित्येक महिने आज या गावची, उद्या त्या गावची अशा चालतात. जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार. तो करणारी कंपनी त्या रात्रीपुरती कोणी भाड्याने आणलेली नसते. अमुक देवळाची जत्रा अमुक कंपनीची, असं पिढीजात ठरलेलं असतं. कंपनी येते ती पेटारा घेऊन. त्या पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा असतो, आणि सामान म्हटलं तर ती सामानाची पेटी, पण तिची आधी पूजा होते. मग रंगपटात दिवा लावून तोंडं रंगवायला बसतात.

रात्री उशिरा आडदशावतार सुरू होतो. गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते. वेद पळवणारा काळा संकासूर येतो, मालवणीत गावातल्या माणसांची टोपी उडवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. हा भाग पाहायला फारसं कोणी जागं नसतं. पोरं पेंगतात, मोठी माणसं खाज्याच्या दुकानाशी असतात. तरी तो गाळत नाहीत, कारण तो प्रेक्षकांसाठी नसतोच. त्यानंतर आख्यान. लिहिलेली संहिता नाही. कथा कुठली एवढं ठरलेलं, संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे. पखवाज, पायपेटी, झांज, आणि रंगमंचावर एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच शय्या. पहाटे दहीकाला होतो, हंडी फुटते, आणि तोंडावरचा रंग नीट निघायच्या आत नट दुसऱ्या गावची वाट धरतात. लोक या सगळ्या प्रकाराला धयकालोच म्हणतात. नाटक हे त्या काल्याच्या आधीचं जागरण आहे.

अठराव्या शतकात राजापूरकडच्या आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी हा खेळ कर्नाटकातून आणला असं नाट्येतिहासात सांगतात. तो कुठूनही आलेला असो. इथे आल्यावर टिकला तो देवळाच्या मानकऱ्यांच्या व्यवस्थेत बसला म्हणून. विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ 1843 मध्ये सांगलीला झालं, पुढे मराठी नाटक तिकिटावर गेलं आणि तिकिटाच्या चढउताराबरोबर वरखाली झालं. दशावताराला तिकीट नव्हतं. त्याला देवळाची तारीख होती. अर्थात नुसत्या मानावर पोट भरत नाही. दशावतारी कलावंताची मिळकत आणि त्याची म्हातारपणची स्थिती हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि त्यात आपल्याला मान खाली घालायला लावणारं पुष्कळ आहे.

ही सगळी व्यवस्था मागे ठेवून माणसं मुंबईला आली आणि मुंबईत जागा परवडेना म्हणून ठाण्याला, डोंबिवलीला, कल्याणला उतरली. चाकरमानी गावी जातो तेव्हा जत्रेत त्याची जागा ठरलेली असते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात मिळत नाही, ती देवीचा कौल घेऊन ठरते. ती एकदा जाहीर झाली की आपल्याकडच्या किती कचेऱ्यांत रजेचे अर्ज पडतात ते पाहा! पण तोच माणूस परत डोंबिवली स्टेशनवर उतरतो तेव्हा त्याच्या खांद्याला कुठलीच पालखी नसते. या गावात त्याचा कुठलाच मान नाही. तो इथे भाडेकरू म्हणून आला, मग सोसायटीचा सभासद झाला. ग्रामदेवतेशी त्याचं घराणं बांधलेलं नाही.

डोंबिवलीचं गणेश मंदिर या दृष्टीने बघायला हवं. त्याची स्थापना 1924 ची. ते गावाचं मूळ ग्रामदैवत नव्हे. रेल्वेने येऊन राहिलेल्या मंडळींनी एकत्र येऊन उभं केलेलं देऊळ आहे. गावदेवी वेगळी, ती गावठाणातल्या आगरी समाजाची. म्हणजे डोंबिवलीत सुरुवातीपासून दोन प्रकारचे देव आहेत. एक, ज्याच्याभोवती गाव वसलं. दुसरा, जो वसलेल्या लोकांनी बसवला. ठाण्याचं कोपिनेश्वर याहून पुष्कळ जुनं. शिलाहारांच्या काळाशी त्याचं नातं सांगतात, आणि 1760 मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. कल्याणच्या पुढे अंबरनाथला शके 982 चं, म्हणजे 1060 चं शिवालय आहे. महाशिवरात्रीला तिथे लोटणाऱ्या गर्दीत किती जण शिलालेखातल्या मुम्मुणी राजाची आठवण काढतात हे विचारण्यात अर्थ नाही. देवळं जुनी आहेत आणि शहर नवं, अशा जागी आपण राहतो.

अशा शहरात 1999 मध्ये गणेश मंदिर संस्थानने पाडव्याला स्वागतयात्रा काढली. कल्पनेचं श्रेय आबासाहेब पटवारींना आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींना दिलं जातं. यात्रेच्या मुळाशी विचार होता की 31 डिसेंबरला धिंगाणा घालणाऱ्या तरुण पिढीने आपलं नवं वर्ष पाडव्याला साजरं करावं. त्या विचाराला हिंदुत्वाची किनार होती आणि आहे, ती लपवायचं कारण नाही आणि तेवढ्यावरून यात्रा मोडीत काढायचंही कारण नाही. मला तो हेतू जरा मास्तरकीचा वाटतो. पाडव्याला सकाळी नटून डोंबिवलीच्या फडके रोडवर आलेला मुलगा 31 डिसेंबरला घरी बसतो असं मानायला काही आधार नाही, तो दोन्ही साजरे करतो. पण उत्सव सुरू करणाऱ्यांचा हेतू आणि उत्सवाचं पुढचं आयुष्य यांचा मेळ क्वचितच बसतो. 1893 साली सार्वजनिक गणपती बसले तेव्हा हेतू काय होते आणि आज आपण काय करतो, हे सगळ्यांसमोर आहेच.

यात्रा काही वर्षांतच ठाणे, कल्याण, गिरगाव, पुणे, नागपूर अशी पसरली. आज कुणाला सांगितलं की हे 1999 च्या आधी नव्हतं, तर तरुण मुलांना ते खरं वाटत नाही. ‘परंपरागत स्वागतयात्रा’ असे फलक लागतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पंचवीस वर्षं म्हणजे एक पिढी. जी मुलगी आईच्या कडेवर बसून पहिल्या यात्रेत होती ती आता आपल्या मुलीला नऊवारी नेसवते.

या यात्रेची रचना नीट पाहिली तर लक्षात येतं की तिने सगळीकडून थोडं थोडं घेतलं आहे. पालखी देवळाची. लेझीम शाळेची. चित्ररथ शिवजयंतीचे आणि प्रजासत्ताक दिनाचे. ढोलताशा पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीचा. दिंडी वारीची. भागशाळा मैदानातून निघून, रेल्वेचा पूल ओलांडून फडके रोडवर यायचं, हा मार्ग मात्र अस्सल डोंबिवलीचा. पश्चिमेचा आणि पूर्वेचा माणूस एरवी एकमेकांना फक्त फलाटावर भेटतो. आणि या सगळ्याला चालवतात त्या समित्या. जानेवारी-फेब्रुवारीपासून बैठका, संस्थांची नावं, चित्ररथाचा विषय, पोलिसांची परवानगी, पाण्याची सोय, स्वयंसेवकांची यादी. इथे कोणी जन्माने मानकरी नाही. जो नाव नोंदवेल तो. चाळीतली काकू, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, अभियांत्रिकीची मुलगी, परप्रांतातून आलेलं कुटुंब, सगळ्यांना दार उघडं. मानाच्या व्यवस्थेत ही मोकळीक नव्हती, आणि जातीच्या उतरंडीबाहेर ती व्यवस्था कधी गेलीही नाही. नोंदणीची ही फार मोठी बाजू आहे. तिचं मोल कमी लेखून गावच्या जत्रेचे उमाळे काढणं मला पटत नाही.

मग कलेचं काय होतं? दोनच गोष्टी जवळून बघू.

पहिली रांगोळी. घरच्या उंबऱ्यापाशी आई काढते ती चिमटीची रांगोळी, बारीक रेघेची. ठिपके मांडायचे, जोडायचे, वर हळदकुंकू. यात्रेच्या आदल्या रात्री रस्त्यावर जी काढतात ती वेगळी. आपण तिला सर्रास संस्कारभारतीची रांगोळी म्हणतो. संस्कार भारती ही संस्था 1981 ची, म्हणजे ही शैली आपल्या डोळ्यांदेखत रूढ झाली. आधी रस्ता झाडायचा, धुवायचा, वाळू द्यायचा. मग मधोमध एकाने खडू धरायचा, दुसऱ्याने दोरी ताणून गोल फिरायचं. गेरू किंवा रंग चाळणीतून पातळ पसरायचा, तो तळहाताने दाबायचा नाही, नाहीतर चट्टे पडतात. त्यावर मुठीतून पाचही बोटांच्या फटींतून पांढरी रांगोळी सोडत जायचं. हात खांद्यापासून फिरतो, मनगटापासून नव्हे. शंख, चक्र, गोपद्म, स्वस्तिक, ज्ञानकमळ ही चिन्हं ओळीने येतात. मध्यरात्रीनंतर वारा पडतो तेव्हा काम सरकतं. पहाटे पाठ धरलेल्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात आणि लांबून बघतात की गोल नीट आला का.

आणि मग त्या रांगोळीभोवती दोर बांधतात. इथे मी अडखळतो. दारातली रांगोळी ही मुळात तुडवण्यासाठी असते. लक्ष्मीने तिच्यावरून आत यावं, पालखीने तिच्यावरून जावं, संध्याकाळपर्यंत ती विस्कटून जावी, उद्या पुन्हा काढावी. दोर बांधला की तिचा विधी सुटला आणि प्रदर्शन सुरू झालं. लोक दोराबाहेरून फोटो काढतात, खाली काढणाऱ्या संस्थेचं नाव असतं, कधी प्रायोजकाचंही. रात्रभर राबलेल्या बायकांची ती कला टिकावी, लोकांनी बघावी, हे मला कळतं. तरी एखाद्या वर्षी दोर सोडून पालखी सरळ रांगोळीवरून न्यावी असं मला फार वाटतं. बायका रागावतील. रागावू देत.

दुसरी गोष्ट ढोल. पथकाचा ढोल कमरेला दोराने बांधायचा, एका हातात टिपरू, दुसरा हात थापेला. ताशावाला पुढे, तो बारीक काठ्यांनी तर्री धरतो आणि त्याच्या इशाऱ्यावर शंभर ढोल एकदम बदलतात. महिना-दोन महिने आधी सराव सुरू होतो. खाडीकिनारी, मैदानात, पुलाखाली, जिथे जागा मिळेल तिथे. पहिल्या आठवड्यात बोटांना फोड येतात, ते चिकटपट्टी लावून झाकतात. कातड्याच्या पानाची जागा आता पुष्कळ ठिकाणी फायबरने घेतली आहे. ते दमटपणाने सैल पडत नाही, तापवावं लागत नाही. आवाजाला मात्र कडकपणा आला आणि गोलाई गेली, हे जुना वाजवणारा तुम्हाला सांगेल. शेजारपाजारचे तक्रार करतात, आणि त्यांची तक्रार खरी आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, आणि पथक हाकेच्या अंतरावर आलं की ती मर्यादा कुठल्या कुठे राहते. वादनाची तारीफ करताना शेजारच्या इमारतीतल्या आजोबांना विसरता कामा नये.

पण पथकात एक झालं, आणि ते मानाच्या व्यवस्थेत इतक्या सहज झालं नसतं. मुली आल्या. देवापुढे कातडं वाजवणं हे जातीने वाटून दिलेलं काम होतं. ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केलं त्यांना देवळाच्या पायरीच्या वर येऊ दिलं नाही, आणि वाजवण्यालाही हलकं ठरवलं. आज तोच ढोल कमरेला बांधायला ब्राह्मण-सारस्वत घरांतल्या मुली रांग लावतात. कोणी म्हणेल, मूळ वाजवणाऱ्यांच्या हातून गेलं आणि ज्यांना कधी चटका बसला नाही त्यांचं झालं. तेही खरं आहे. देवळासमोर हलगी-डफ वाजवणाऱ्याच्या नातवाला या पथकात कोणी आवर्जून बोलावलं का, गुरू म्हणून बसवलं का, हा प्रश्न आपल्या समित्यांच्या बैठकीत निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

इथे धवलारणीची आठवण काढली पाहिजे. आगरी आणि कोळी लग्नांत धवले गाणारी बाई असते, ती धवलारीण. ती नुसती गात नाही, तिच्या गाण्यावर विधी चालतात. हळद कधी, तेलवण कधी, कोणत्या देवांना आमंत्रण, हे तिच्या ओळींतून पुढे सरकतं. पुरोहित ज्या घरी नंतर आला तिथे ती आधीपासून होती. धवळे या रचनाप्रकाराचं नाव मराठी वाङ्मयाच्या अगदी आरंभी महदंबेशी जोडलेलं आहे, आपण ते शाळेत शिकतो आणि विसरतो. पण खाडीपलीकडच्या गावात एक म्हातारी तेच नाव असलेलं काहीतरी अजून तोंडपाठ गाते, हे आपल्या साहित्यप्रेमी शहराला फारसं ठाऊक नसतं. धवलारीण कोणाला तयार करते? घरच्या सुनेला, भाचीला, जिचा गळा आणि स्मरण चांगलं तिला. नोंदणीचा अर्ज नाही. आणि म्हणूनच ती सून नोकरीला लागली की साखळी तुटते. मानाची ही दुबळी बाजू. एक कडी निखळली की दुसरी जोडायला माणूस नाही. रांगोळीच्या वर्गाला दरवर्षी नव्या बायका येतात, धवल्यांच्या वर्गाला येणार नाहीत, कारण तसा वर्गच नाही.

दोन्ही व्यवस्थांची परीक्षा एकाच आठवड्यात झाली ती 2020 मध्ये. त्या वर्षी पाडवा 25 मार्चला होता, आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवसापासून लागली. स्वागतयात्रा रद्द. फडके रोडवर एक माणूस नाही. सहा दिवसांनी एकवीरेची यात्राही भक्तांविना. लोकांनी घरच्या घरी गुढ्या उभारल्या आणि मोबाइलवर एकमेकांना जुन्या यात्रांचे फोटो पाठवले. मला तेव्हा दिसलेला फरक असा. स्वागतयात्रा नाही म्हटल्यावर तिचं काहीच उरलं नाही, कारण ती यात्रा म्हणजे एकत्र येणंच. तिला घरात करता येईल असा छोटा आकार नव्हता. आईची पालखी निघाली नाही तरी आईचं जे करायचं ते घरच्या देव्हाऱ्यापुढे झालं. नारळ, ओटी, दिवा. जे घर वर्षानुवर्षं वर जाऊन करत होतं त्याने ते खाली बसून केलं. पुढे देवळं उघडली, पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. स्वागतयात्राही परत आली, आणि जोरात आली. तेव्हा यातून कोणी हरलं-जिंकलं असं काढू नका.

गेल्या काही वर्षांत मला आणखी मजेशीर वाटतं ते असं की दोन्ही व्यवस्था एकमेकींची रीत उचलू लागल्या आहेत. एकवीरेला पायी जाणारी मंडळं बघा. खोपोली-खंडाळ्याच्या वाटेवर चैत्रात ती दिसतात. एका रंगाचे टी-शर्ट, पाठीवर मंडळाचं नाव, पुढे पालखी, मागे टेम्पोत ध्वनिक्षेपक, जेवणाचा कंत्राटदार, आणि सगळ्यांची नावं व वर्गणी लिहिलेली वही. नोंदणी तिथे पोहोचली. कोळीवाड्यातला जो तरुण कुठल्याच मानाच्या घरात जन्मला नाही त्याला पालखीला खांदा द्यायची संधी या मंडळाने दिली. म्हाताऱ्यांनी आधी कुरकुर केली असणारच, पण खांदेही दुखत होते.

आणि इकडे यात्रेत मान शिरतो आहे. पालखीच्या लगेच मागे कोणती संस्था, चौकातली मोठी रांगोळी कोणाची, कोणत्या पथकाने देवळापुढे शेवटचं वाजवायचं, हे आता दरवर्षी नव्याने ठरत नाही. ‘ती जागा आमची’ असं म्हणणारी माणसं तयार झाली आहेत. गेल्या वर्षी जिथे उभे होतो तिथेच यंदा. कार्यकर्ते याला डोकेदुखी म्हणतात. मला वाटतं, उत्सव मुरायला लागल्याचं हे लक्षण आहे. राजकीय मंडळी मात्र या जागांच्या मागे वेगळ्या कारणाने लागतात, त्यांना पालखीजवळचा फोटो हवा असतो, आणि त्यांना आवरणं हे समितीचं सगळ्यात अवघड काम आहे.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. डोंबिवलीच्या भोवतीची 27 गावं 2015 मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली. त्यावरून झालेलं राजकारण तुम्हाला पाठ आहे. या गावांच्या गावदेवींच्या जत्रा आहेत, पालख्या आहेत, मानाची घराणी आहेत. जमिनी विकल्या, चाळी-टॉवर झाले, पण देवीची जागा सुटली नाही. जत्रेच्या रात्री भोवतालच्या टॉवरमधले लोक खिडक्या लावून घेतात आणि आवाजाची तक्रार करतात. तेच लोक पाडव्याला ढोलामागे चालतात. उलट बाजूने, स्वागतयात्रेत या गावांचा सहभाग असतो तो बहुधा एका चित्ररथापुरता, नऊवारी-टोपीचा, ‘आगरी-कोळी संस्कृती’ असा फलक लावून. ज्यांच्या गावात हे शहर उभं राहिलं त्यांनी आपल्याच शहराच्या मिरवणुकीत नमुना म्हणून यावं, हे काही बरोबर नाही. 2017 मध्ये 90 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत झालं तेव्हा यजमान होती आगरी यूथ फोरम. साहित्याच्या मांडवात जे जमलं ते पालखीच्या वाटेवर जमायला हवं. पाडव्याची पालखी गावदेवीच्या देवळावरून का जात नाही? तिथे थांबून गावच्या मानकऱ्याच्या हातून आरती का होत नाही? आणि गावदेवीच्या जत्रेच्या समितीत टॉवरमधल्या दोन बायका का नसाव्यात? मार्ग थोडा लांबेल. पोलिसांना एक चौक जास्त सांभाळावा लागेल.

शेवटी एक काम सांगतो आणि थांबतो. मानाचा इतिहास भांडणांत जपला जातो असं मी मघाशी म्हटलं. नोंदणीचा इतिहास कागदावर असायला हवा होता, पण आता नोंदणी होते ती व्हॉट्सॲपच्या गटावर, आणि पाडवा झाला की गट मोडतो. 1999 च्या पहिल्या यात्रेत ज्यांनी धावपळ केली ती माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांतली काही या सभागृहात असतील. पहिला मार्ग कोणी आखला, कोणत्या संस्था ‘येतो’ म्हणून आल्या नाहीत, पालखीला पहिला खांदा कोणाचा, रांगोळीला त्या रात्री माणसं किती होती आणि पैसे कोणी दिले, हे ते सांगू शकतात. कार्यकर्त्यांनी मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांना आठवतं त्यांनी चहा घेताना तिथे बसावं. चष्मा विसरला असेल तर तोंडी सांगा, लिहून घ्यायला आमची मुलं बसलेली आहेत.